बेचाळिसावं नाव

भोसरी-चाकणकडे गुरुवार म्हणजे कारखान्यांचा रविवार. प्रेस थंड, पंखे बंद, शेडभर नुसता तेलाचा वास. त्या भर दुपारी ज्योतीराम एकटाच कामाला बसला होता. शाळा नववीतच सुटलेली, स्वभाव लाजाळू, पण कॉम्प्युटरवर हात बसलेला. जुन्या सर्व्हरवरची सगळ्यांची लॉग-इनची खाती नव्या सर्व्हरवर न्यायची होती. उद्या सातची शिफ्ट अडली नाही, तर त्याला कायम करणार होते.

ज्याचं खातं नेलं, त्याच्या टेबलावर तो कच्च्या पासवर्डची चिठ्ठी ठेवत होता. पहिल्यांदा उघडताना ज्यानं त्यानं तो बदलायचा.

"किती झाली?" धम्मरत्नसाहेबांचा फोन आला.

"एक्केचाळीस, साहेब. एकच राहिलंय... कोंडाजीकाकांचं."

"स्टोअरचे? त्यांना जाऊन वर्ष झालं की राव! उडव ते. मेलेल्या माणसाला पासवर्ड देतोस का?"

ज्योतीराम कसनुसं हसला. गेटवर माल उतरवणाऱ्या पोराला काकांनीच या खुर्चीपर्यंत आणलं होतं. रोज स्टोअरला कुलूप लावण्याआधी ते चुना-तंबाखू मळत आत हाक मारायचे, "कोन हाय का?" म्हणायचे, "इचारल्याबिगर कुलूप लावू नगं, पोरा. आत मानूस असतंय."

म्हणून खातं उडवण्याआधी त्यानं पाहिलं, आत कोणी आहे का.

कोंडाजी. स्टोअरचा कॉम्प्युटर. चालू, दोन वाजून दहा मिनिटांपासून.

स्टोअरची किल्ली तर त्याच्याच खिशात होती.

तो गेला. कुलूप जागेवर होतं. काढलं, दार ढकललं. आत अंधार, आणि अंधारात मळलेल्या तंबाखूचा ताजा वास...

"कोण... कोण आहे का?"

रॅकच्या मागून, अगदी सवयीनं दिल्यासारखी, हळू ओ आली.

"हाय."

त्याच्या अंगावर सर्रकन काटा आला. पण पाय पळाले नाहीत. तो आवाज त्याच्या ओळखीचा होता. त्यानं टेबलावर बेचाळिसावी चिठ्ठी ठेवली, दार नुसतं लोटून घेतलं आणि काकांचं खातं नव्या घरी नेलं.

सकाळी सातला शिफ्ट बिनबोभाट उभी राहिली. आठ वाजता धम्मरत्नसाहेब घाम पुसत आले.

"भावा, वाचलो! मालाची सगळी नोंद काकांच्याच खात्यात होती. ते उडालं असतं, तर एक बोल्टसुद्धा बाहेर निघाला नसता. बरं झालं, माझं ऐकलं नाहीस. कायम झाल्याचं पत्र घेऊन जा संध्याकाळी."

ज्योतीराम खूश होऊन स्टोअरकडे गेला. टेबलावर चिठ्ठी नव्हती. कॉम्प्युटरवर पाहिलं, तर पासवर्ड काल दुपारीच बदललेला होता.

आणि कीबोर्डच्या एंटरवर अंगठ्याचा ठसा होता. चुन्याचा. अजून ओला.

त्यानं तो पुसला नाही.