पिवळी ज्योत

"खबरदार! हात लावशील त्याला, तर माझ्या गेलेल्या पोराची आण हाय तुला!"

न्हाणीच्या चौकटीला दोन्ही हात टेकून भागीरथी दारात आडवी उभी राहिली होती, आणि मुरबाडहून बोलावलेला मिस्त्री हातातला पाना खाली धरून एकदा सासूकडे, एकदा सुनेकडे बघत होता. नम्रताने कसंबसं एवढंच म्हटलं, "आई, ते काय म्हणतात ते एकदा तरी ऐका..."

"काकू, या गिझरचे दुरुस्तीचे दिवस गेले," मिस्त्री समजुतीच्या सुरात म्हणाला. "आतून सगळा गंजलाय, काजळी धरलीय. ज्योत निळी पाहिजे, तर ही पिवळी जळते. हा काढून टाका. नवा आणाल तो बाहेरच्या भिंतीवर लावा. बंद न्हाणीत याचा जो विषारी वायू साठतो ना, त्याला वास नसतो. माणसाला कळायच्या आत माणूस आडवं होतं."

"झालं तुझं सांगून? मग जा आता!"

मिस्त्री गेला. भागीरथी सुनेकडे वळली, आणि तिच्या डोळ्यांत जो अंगार होता तो पाहून नम्रता दोन पावलं मागे सरली. "एकेक करून त्याची वस्तू घराबाहेर काढतेस तू! कपडे वाटून टाकलेस. गाडी भंगारात घातलीस. आता हा गिझर राहिला. हा गेला का मग तू मोकळी, नाय का गो? दुसरं घर करायला!"

ओटीवर धाकटा दीर साईनाथ कामावर जाण्यासाठी बूट घालत होता. त्याने मान वर केली नाही. त्याची बायको भावना, पोटाशी हात धरून स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, तिचे डोळे भरून आले होते. पण सासूसमोर बोलण्याची तिचीही हिंमत नव्हती. नम्रता मुकाट्याने आत गेली... त्या घरात तिच्या बाजूने बोलणारा एकच माणूस होता, आणि तो, तिचा नवरा संदेश, गाडीच्या अपघातात माळशेज घाटाच्या धुक्यात कायमचा हरवला होता.

टोकावड्याला थंडी उतरते ती घाटावरून. भागीरथीचे गुडघे त्या थंडीत इतके आखडत, की सकाळी उठताना तिला भिंतीचा आधार लागे. संदेशला ते बघवत नसे. लग्नानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात तो गॅसचा गिझर घेऊन आला, कुणाला बोलावलं नाही, स्वतःच भिंतीला भोकं पाडली, स्वतःच नळी जोडली, आणि पहिल्यांदा नळातून वाफाळतं पाणी आलं तेव्हा "आई, ये गो लवकर!" म्हणून लहान मुलासारखा ओरडत सुटला. त्या दिवसापासून भागीरथीची सकाळ त्या पाण्याने होई. संदेश गेल्यावर तर ती न्हाणीत जास्तच वेळ बसू लागली. आतून कडी लावायची, खिडकी घट्ट ओढून घ्यायची, आणि त्या कढत धारेखाली... कोण जाणे, कदाचित मनसोक्त रडत असेल!

पण त्या गिझरवर आणखी एका जिवाचा जीव जडला होता, हे भागीरथीला ठाऊक नव्हतं. नळ सोडला की तो आधी टकटक करी आणि मग पेट घेई. तो आवाज ऐकला की नम्रताला वाटे, हे आत आहेत... आता टॉवेल मागतील... क्षणभर तिचं सगळं वैधव्य पुसलं जाई. त्याच आवाजात झालेला बदल म्हणूनच तिने सगळ्यांत आधी ओळखला. आता तो पटकन पेटत नसे; बराच वेळ अडखळून एकदम भप्प करी. वरच्या छतावर काळा डाग पसरत चालला होता. एकदा न्हाणीच्या कोपऱ्यात एक पाल मरून पडलेली दिसली, आठवड्याने दुसरी. आणि भावना! आंघोळ करून आली की तिचं डोकं फुटायला लागे, उलट्या होत. "दिवस हायेत म्हटल्यावर व्हायचंच," म्हणून भागीरथी हसण्यावारी नेई. पण अंगणात मोकळ्या वाऱ्यावर बसली की भावनाला बरं वाटतं, हे नम्रताने पाहिलं होतं. त्या घरात काहीतरी अदृश्य येऊन दबा धरून बसलं होतं...

मिस्त्रीला हाकलल्यानंतर नम्रताने भांडण केलं नाही. ती पहाटेच उठून परसातल्या चुलीवर हंडा चढवू लागली. भावनाची आंघोळ त्या पाण्याने होई. "कडी लावू नको गो. मी दाराशी बसते," असं ती जावेला बजावी. सासूसाठीही ती कढत पाण्याची बादली भरून ठेवी. आणि भागीरथी ती बादली तिच्या डोळ्यांदेखत अंगणात ओतून देऊन न्हाणीत शिरे, आतून कडी लागल्याचा आवाज होई, आणि मग ते अडखळणं... आणि भप्प!

म्हसा गावच्या जत्रेच्या दिवशी सगळे बाहेर पडले. "माझं अंग दुखतं," असं सांगून नम्रता घरी राहिली. घर रिकामं होताच तिने भिंतीबाहेरचा सिलिंडर बंद केला, नळी सोडवली, आणि संदेशने आवळलेले स्क्रू एकेक करून फिरवले. प्रत्येक फेऱ्याला तिच्या डोळ्यांतून धार लागत होती. गिझर उतरवून तिने गोठ्यात नेला. आता तो फोडायचा, पुन्हा कधी भिंतीवर चढणार नाही असा फोडायचा! तिने कुऱ्हाड उचलली... आणि तिचा हात तसाच वर राहिला. त्या पत्र्याच्या कडेला संदेशच्या बोटांनी लावलेली, वाळून कडक झालेली सिमेंटची खूण होती. "नाय हो... नाय होत माझ्याच्यानं!" ती हंबरडा फोडून खाली बसली, आणि गिझर तिने पेंढ्याखाली लपवून ठेवला.

हाय रे दैवा! त्या एका क्षणी तिचं प्रेम जिंकलं नसतं तर...!

संध्याकाळी परतलेल्या भागीरथीला न्हाणीतली उघडी भिंत दिसली आणि तिने सगळा गाव गोळा होईल असा आकांत मांडला. गिझर सापडायलाही वेळ लागला नाही. "माझं पोर दुसऱ्यांदा मारलंस तू!" ती नम्रताचं बखोट धरून तिला ओटीवर ढकलत म्हणाली. "नीघ! माझ्या जिवात जीव असेपर्यंत तुझं तोंड नको दाखवू मला!"

नम्रताने साईनाथकडे पाहिलं. "भावोजी, मला घालवा, पण तो पुन्हा लावू नका. पाया पडते तुमच्या!"

साईनाथने मान फिरवली. दुसऱ्या दिवशी ती वाशिंदला भावाकडे गेली, आणि त्याच दिवशी आईच्या अश्रूंपुढे हरलेल्या साईनाथने गिझर होता तिथे परत लावला.

भाऊ बरा होता, भावजयही वाईट नव्हती. नम्रताने तिथल्याच एका कारखान्यात पॅकिंगचं काम धरलं. पण तिचं मन टोकावड्याच्या त्या न्हाणीपाशी अडकलेलं होतं. रोज सकाळी ती चोरून भावनाला फोन करी. "तू चुलीवरच्या पाण्यानं न्हालीस ना? आई आत गेल्या का दाराशी बस. बोलत राहा त्यांच्याशी. उत्तर नाय आलं तर सिलिंडर बंद कर, पहिला."

त्या सकाळी थंडी कडाक्याची होती. फोनवर भावना बोलत होती, मागे पाण्याची धार वाजत होती.

"आई गेल्यात आत," भावना म्हणाली. "आज गुडघे लय दुखतात म्हणून बऱ्याच वेळच्या बसल्यात."

"हाक मार बघू."

"आई! ओ आई!... झालं का तुमचं?"

धार वाजत राहिली.

"परत मार!" नम्रताचा आवाज चिरकला.

"आई!... ताई, त्या बोलत नायत. ताई, कडी आतून हाय! हे पण कामावर गेलेत... मी काय करू, ताई?"

त्या दाराआड नम्रताची सासू होती. दाराबाहेर पोटुशी जाऊ होती. धावून जायला ती स्वतः तिथे नव्हती! "सिलिंडर बंद कर! मग मागं जा, मुसळ घे नि खिडकी फोड! आणि भावना, ऐक माझं... दार उघडलं तरी तू आत पाय टाकू नको! तुला तुझ्या बाळाची शपथ! शेजारच्या अनंताभाऊला हाक मार!"

फोन कुठेतरी पडला असावा. तिला नुसते आवाज ऐकू येत होते... काच फुटली, भावना गावाला ऐकू जाईल अशी किंचाळली, कुणीतरी धावत आलं, दाराची फळी मोडली. मग कुणीतरी पुरुष म्हणाला, "बाहेर घ्या तिला, वाऱ्यावर घ्या!" आणि त्यानंतर सगळंच थांबलं. कानाला फोन लावून नम्रता उभी होती. "भावना... भावना... आई हायेत ना गो?" तिचा प्रश्न ऐकायला तिथे कुणीच नव्हतं.

भागीरथी वाचली. मुरबाडहून तिला कल्याणच्या दवाखान्यात हलवलं, तेव्हा नम्रता धावतच तिथे पोहोचली. तिला पाहताच साईनाथ मोठ्याने रडू लागला. "वहिनी, मी लावला तो! माझ्या हातानं लावला!"

"मलाही तो फोडता आला नाय, भावोजी," ती हलकेच म्हणाली. "तुमच्या एकट्याचा नाय तो दोष."

डॉक्टर म्हणाले, जीव वाचला, पण मेंदूला प्राणवायू कमी पडला आहे. पुढे काय होईल ते आत्ताच सांगता येणार नाही. भागीरथी ग्लानीत होती. नम्रता तिच्या पायांशी बसून ते आखडलेले गुडघे चोळत राहिली. आणि ती जागी होण्याची चिन्हं दिसताच उठून बाहेर गेली. तोंड दाखवायचं नाही, असंच तर सासूने बजावलं होतं!

बरेच आठवडे गेले. एका दुपारी साईनाथचा हात धरून भागीरथी वाशिंदच्या त्या बिऱ्हाडात आली. तिचं अंग निम्मं झालं होतं, उजवा हात सारखा कापत होता, शब्द शोधत शोधत ती बोलत होती. दारातच ती सुनेसमोर वाकू लागली.

"आई! हे काय करता?" नम्रताने तिला वरच्यावर धरलं.

"वाकू दे गो... मी तुला काय काय बोलले! भावनानं सांगितलं मला सगळं. तू तिला रोज फोन करायचीस. मी तुला घालवलं, नि तू... तू माझ्या दाराशी बसून राहिलीस."

"आई, तो काढताना मला वाटलं, मी यांनाच..." पुढचे शब्द हुंदक्यात बुडाले. संदेश गेल्यापासून सासू आणि सून एकमेकींपासून लपून रडत आल्या होत्या; आज पहिल्यांदा त्या एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या. भावजय डोळ्यांना पदर लावून आत निघून गेली.

"घरी चल," भागीरथी म्हणाली. "नायतर मी इथंच बसते."

भागीरथी आणि साईनाथ जेवले, चहा झाला. उन्हं कलली, कारखान्यातून सुटलेली माणसं रस्त्याने बोलत जाऊ लागली. नम्रता पिशवीत कपडे भरत होती. भागीरथी खिडकीशी बसून त्या माणसांकडे टक लावून बघत होती. बघता बघता तिची नजर कुठेतरी दूर गेली आणि मग ती सुनेकडे वळून अगदी साध्या, रोजच्या आवाजात म्हणाली,

"संदेश आला नाय का गो अजून? या गर्दीत दिसत नाय तो."

नम्रताच्या हातातली साडी खाली गळली. साईनाथने चेहरा झाकून घेतला. "वहिनी... हल्ली रोज असंच होतं," तो कुजबुजला. "सकाळी सगळं आठवतं. संध्याकाळी नाय. खरं सांगितलं का पुन्हा पहिल्यासारखा आकांत करते... रोज नव्यानं..."

भागीरथी सुनेचं तोंड निरखत होती. तिच्या कपाळावर आठी उमटली.

"आणि तुझं कपाळ मोकळं का? नवरा दमून यायचा, नि ही अशी! कुंकू लाव बरं."

नम्रता उठली. भावजयीच्या आरशापाशी गेली. आता प्रत्येक संध्याकाळ अशीच येणार होती, हे तिला त्या आरशात लख्ख दिसलं. तिने करंडा उघडला, बोटाने कपाळावर कुंकू टेकवलं, आणि परत येऊन सासूच्या पायांशी बसली.

"येतील, आई," ती म्हणाली. "आज त्यांना उशीर होणार हाय."