तेलाचा काटा

लोणावळ्याच्या बाजारात निजामभाऊंच्या टॅक्सीची थट्टा रोजचीच. १९२४ सालची कापडी टपाची गाडी. इंजिन ठणठणीत, पण समोरच्या लाकडी फळीवरची तिन्ही घड्याळं खोटारडी. गाडी उभी असली तरी वेगाचा काटा चाळीसवर. बॅटरीचा काटा हिवताप भरल्यासारखा थरथरणारा. इंजिनातल्या तेलाचा काटा तर शून्यावर मरूनच पडलेला. "काय भाऊ, खंडाळा आला का अजून निघायचंय?" असं गिऱ्हाईक विचारी, आणि भाऊ म्हणत, "काट्याला विचारा. मी नुसता ड्रायव्हर."

पण १९४३च्या ऑक्टोबरातल्या त्या सकाळी त्यांच्या ओट्यावर कुणी थट्टा करत नव्हतं. त्यांची नऊ महिन्यांची नात हसिना तापानं फणफणली होती. सून नजमा पुण्यात इंटर सायन्सपर्यंत शिकलेली. नवरा रियाज लढाईच्या डेपोत, पंधरवड्यानं घरी येणारा. त्यामुळे लेकरावर दोघांची नजर तिलाच ठेवावी लागे. मनगटावरच्या घड्याळात बघून ती हसिनाचे श्वास मोजायची. मिनिटाला साठ झाले तेव्हा तिनं डॉक्टरांना बोलावलं. ते म्हणाले, "न्युमोनिया. दुपारच्या आत तळेगावच्या दवाखान्यात न्या."

फौजी मालगाड्यांनी लोकल चारपर्यंत अडवलेल्या. राहिली टॅक्सी. तिचं तेल गळायचं, आणि गेल्या उन्हाळ्यात ते संपल्याचं न कळून इंजिन भर रस्त्यात जाम झालं होतं. तसं आज झालं तर? म्हणून निजामभाऊ सकाळपासून तेलाचं घड्याळ उघडून बसले होते. आतली वाकडी पितळी नळी त्यांनी रॉकेलनं धुतली, चक्र पुसलं, काटा बसवला. तपासायची त्यांची रीत साधी होती. घड्याळाला जोडलेल्या तांब्याच्या नळीचं टोक ओठात धरायचं आणि फुंकायचं. काटा केसभर हलला की घड्याळ जिवंत.

तेवढ्यात कुसगावची सावित्राबाई दुधाची चरवी घेऊन आली. पोरीकडे बघताच तिनं चरवी खाली ठेवली.

"आबा, त्ये घड्याळ मरूंद्या. आदी पोरीला फुका."

आजारी लेकरावर दुवा पढून फुंकर घालून घ्यायला सगळी आळी निजामभाऊंकडे यायची, जातपात न बघता. नजमानं हसिनाला पुढे केलं. भाऊंनी डोळे मिटले, ओठातल्या ओठात पढले, छाती भरून घेतली आणि हाताच्या सवयीनं नळी ओठाला लावून सगळा दम तिच्यात सोडला.

"अगं बया! पोरीची फुकर घड्याळाला घातली की वो!"

नजमालाही हसू फुटलं. भाऊ खजील होऊन पुन्हा पढायला लागले आणि मधेच थांबले.

हातातल्या घड्याळाचा काटा हलत होता. केसभर नव्हे, बोटभर. वर, खाली. वर, खाली. नळीचं टोक मोकळं लोंबत होतं.

उन्हानं पितळ प्रसरण पावत असेल, असं नजमानं स्वतःला सांगितलं. घड्याळ सावलीत ठेवलं, मनगट वळवलं आणि काट्याचे हेलकावे मोजले. बासष्ट. मग हसिनाच्या छातीवर हात ठेवून मोजलं.

बासष्ट.

"काय गं?" भाऊंनी विचारलं.

"काही नाही. बसवा लवकर."

घड्याळ फळीत बसलं, नळी इंजिनाला जोडली गेली. हसिनाला शालीत गुंडाळून नजमा पुढेच बसली. इंजिन सुरू झालं की तेलाचा काटा चढून एका जागी थांबायला हवा. हा चढला, पण थांबला नाही. झुलत राहिला.

"सूनबाई," कार्ला मागे पडल्यावर भाऊ हळूच म्हणाले, "हा तेल दाखवतोय का पोरगी?"

"तुम्ही रस्ता बघा, अब्बा. मी काटा बघते."

दोन्ही बाजूंना पिवळी पडलेली भातं. गरम तेलाचा वास. हसिनाची घरघर इंजिनाच्या आवाजात बुडालेली. कामशेतच्या अलीकडे काटा अडखळला. थोडा चढला. मग सावकाश खाली आला आणि शून्यावर टेकला.

"तेल गेलं!" भाऊंनी ब्रेक दाबला आणि उडी मारून इंजिनाचं झाकण उचललं. मापाची सळई काढली, पुसली, पुन्हा घालून बघितली.

"तेल तर भरलंय."

नजमानं शाल बाजूला केली.

ओठ निळे होते.

तिनं पोरीला पालथं घातलं. पाठीवर तळहात मारला. एकदा. दोनदा. तोंडात बोट घालून चिकट कफ ओढला.

काटा शून्यावर.

पुन्हा पाठ. पुन्हा बोट.

गाडी बंद होती. इंजिन मुकं होतं. काटा थरथरला, वर उचलला गेला.

आणि त्यानंतर हसिना रडली.

दवाखान्यात सल्फाच्या गोळ्या लागू पडल्या. सहाव्या दिवशी ताप उतरला. सातव्या दिवशी पोरीनं नर्सच्या टोपीला हात घातला. "आणलंत वेळेवर," डॉक्टर म्हणाले. नजमा कितीतरी दिवसांनी पोटभर जेवली.

न्यायला भाऊ आले तेव्हा गाडी धुतलेली होती. हसिनाला मांडीवर घेऊन नजमा पुढे बसली. काटा झुलत होता, संथ, झोपाळ्यासारखा.

"मला हे बघवत नाही," भाऊ म्हणाले. "घड्याळच काढतो. नवं बसवू." त्यांनी पाना लावला आणि नळी घड्याळाला जोडणारा नट अर्धा फेरा सैल केला.

हसिनाचं हसू तोंडातच थांबलं. डोळे मोठे झाले. छाती हलेना.

"आवळा! अब्बा, आवळा!"

भाऊंनी नट पिळला. पोरगी खळखळून हसली, जसं काही झालंच नव्हतं.

मग भाऊंनी पाना हलकेच खाली ठेवला.

"तू सायन्स शिकलीस. किती वर्षं टिकेल गं हे?"

"तांबं लोखंडासारखं गंजत नाही, अब्बा. खूप टिकेल," नजमा म्हणाली, आणि पदराच्या टोकानं नळीवर उमटलेला कळकाचा हिरवट ठिपका पुसायला लागली.