उरलेले दोन ठोके

हसू नका रे. केरबा मिस्त्री थापा मारणारा गडी न्हवता. उद्यमनगरात गॅरेज त्याचं. अठ्ठ्याहत्तर साल, दिवाळी होऊन पुढची अवस, रात्रीचे आठ. कोडोलीचा बाळासो अँबेसिडर घेऊन दारात.

“मिस्त्री, खालनं ठकठक येती. बघा की जरा.”

केरबानं गाडी वळखली. वर्षामागं याच गाडीखाली त्याचा जोडीदार पिराजी चिरडला होता. पिराजी म्हणजे बाळासोचा दाजी.

त्या दोघांची रीत होती. खालच्यानं पान्यानं चेसीवर, गाडीच्या सांगाड्यावर, ठोकायचं, वरच्यानं ऐकायचं. एक ठोका, चालू कर. दोन, बंद कर. तीन, हात लावू नको. म्हणून पहिल्या ठोक्यानंतर वरच्यानं दम धरायचा. पिराजी गेला तेव्हा वर बसलेला केरबा म्हणाला, “त्यानं एकच ठोका दिला. चूक त्याचीच.” चेसीवर खूणही एकच होती. पिराजीची बायको बनाबाई वर्षभर लोकांचं तेच बोलणं ऐकत होती.

केरबानं बॉनेट उघडलं. स्क्रूड्रायव्हर इंजनवर टेकवून मूठ कानाला लावली. इंजन एकदम ठीक. आवाज खालनंच होता. ठकठकठक. थांबून परत तीन.

केरबाला संशय आला. हा आपल्याकडनं वदवून घ्यायला आलाय, गाडीत कुणाला तरी बसवलंय. त्यानं डिकी बघितली, सीटखाली बघितलं. बाळासोला दोन्ही हात मडगार्डवर ठेवून उभं केलं. इंजन बंद केलं.

ठक. ठक. ठक.

बाळासोचे हात जागेवर होते.

केरबानं बॅटरीचा उजेड मारून खाली बघितलं. कोण न्हाई…

“इंजन बंद हाय, मिस्त्री. मग ठोकतंय कोण?”

केरबानं चावी काढून घेतली. 

“दाजीनं एकच ठोका दिला व्हय? खरं सांगा.”

“एकच दिला… पण मी थांबलो न्हाई. लगेच चावी फिरवली. गाडी गेरात होती, झटक्यानं पुढं गेली…” केरबा खालीच बसला. “पुढचं दोन… मारूच दिलं न्हाईत मी त्याला.”



मग गाडीखालनं… ठक.

ठक.

पुन्हा आवाज आला न्हाई. कधीच न्हाई.

सकाळी केरबा बनाबाईच्या दारात जाऊन चारचौघांत सगळं बोलला. परत येऊन त्यानं अन् बाळासोनं गाडी वर चढवली. चेसीवर ती जुनी खूण होती, गंजलेली. तिच्याशेजारी आणखी दोन. ताज्या. लोखंड चकाकत होतं.