अकरा ते एक

ही गोष्ट माझ्या सख्ख्या बहिणीची आहे. मित्राच्या मित्राने सांगितलेली नाही. ज्या बाथरूमबद्दल लिहितोय, त्यात मी स्वतः हात धुतलेत. तेव्हा काही माहीत नव्हतं म्हणून धुतले. आता कुणी ओढत नेलं तरी त्या दारापाशी जाणार नाही.

आणि आधीच सांगतो, यात मध्यरात्र नाही. जे घडलं ते एका मंगळवारी, सकाळी अकरा ते दुपारी एक या वेळात, टळटळीत उन्हात घडलं.

ताई हॉस्पिटलमध्ये नर्स आहे. तेव्हा तिची कायमची नाइट ड्युटी. भावोजी बांधकामावर सुपरवायझर. लग्नानंतरची आठ वर्षं दोघांनी एका लाँड्रीच्या वरच्या दोन खोल्यांत काढली. भिंती सदा गरम, कपड्यांना सदा साबणाचा वास. ताई म्हणायची, "आम्हाला अत्तराची गरज नाही."

आमचं शहर तसं लहान. मग बाहेरून मोठा रस्ता गेला आणि ज्या माळावर आम्ही सायकल शिकलो, तिथे घरांच्या रांगा उठायला लागल्या. तेही इतक्या वेगाने, की टेम्पोवाल्याला पत्ता सांगताना "गेल्या महिन्यात जिथे रस्ता संपायचा, त्याच्या पुढे" असं सांगावं लागायचं.

त्यातली एक कॉलनी भावोजींच्याच देखरेखीखाली उभी राहिली. आणि एक दिवस ते घरी येऊन म्हणाले, "शेवटून दुसरं घर आपलं. मालकांनी स्वतःहून दिलं."

मालक म्हणजे बिल्डर. सगळे त्याला मालकच म्हणायचे.

ताईने फार खोदून विचारलं नाही. आठ वर्षं लाँड्रीवर काढलेलं माणूस कशाला विचारेल?

घर छान होतं. खाली हॉल, स्वयंपाकघर, जिन्याखाली बाथरूम. वर झोपायची खोली. मी सामान हलवायला गेलो होतो. बाथरूमच्या भिंतीला खालच्या अर्ध्या भागात एका रंगाच्या टाइल्स होत्या आणि वर जरा वेगळ्या रंगाच्या. मी म्हटलं, "भावोजी, सुपरवायझरच्या घरातच माल संपला का?"

सगळे हसले.

भावोजी हसले नाहीत.

राहायला गेल्यावर चौथ्या दिवशी ताई ड्युटीवरून आली, आंघोळ करून वर जाऊन झोपली. भावोजी आठलाच कामावर गेलेले. घरात ती एकटी.

झोप मोडली ती आवाजाने.

टक… टक…

मग थोडा वेळ काहीच नाही.

टक…

फरशीवर लाकूड आपटल्यासारखा आवाज. शेजारी काम चालू असेल असं म्हणून तिने उशी कानावर घेतली. एक वाजता आवाज थांबला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा. बरोबर अकराला सुरू, बरोबर एकला बंद.

तिसऱ्या दिवशी ती चिडून उठली आणि शेजारच्या घरी गेली. रात्रभर पेशंटची उठबस करून आलेल्या बाईची झोप मोडली, तर ती यमालाही दोन शब्द सुनावेल.

शेजारच्या घराला कुलूप होतं. खिडकीतून आत पाहिलं. कोरी भिंत, कोरी जमीन, कोपऱ्यात धुळीने माखलेली रंगाची बादली. पलीकडचं शेवटचं घर तर अजून विकलंच गेलं नव्हतं.

ती परत आली. हॉलमध्ये उभी राहिली.

टक…

आवाज तिच्याच घरातून येत होता.

जिन्याखालून.

तिने बाथरूमचं दार उघडलं. आवाज थांबला. आत कुणी नव्हतं. नळ बंद, जमीन कोरडी. तिने दार लावलं, चार पावलं आली…

टक… टक…

मला तिने फोन केला तेव्हा मी म्हटलं, "पाइपात हवा असेल. नवीन घरात होतं असं."

"पाइप घड्याळ बघून वाजतो का रे?"

भावोजींना सांगितलं तर ते म्हणाले, "तुझी झोप होत नाही. भास होतात."

एक गोष्ट तिच्या उशिरा लक्षात आली. रविवारी भावोजींना सुट्टी असायची. पण दर रविवारी ते काहीतरी काम काढून तिला दहालाच घराबाहेर न्यायचे आणि दोनच्या आत परतायचं नाव घ्यायचे नाहीत.

त्या घरात अकरा ते एक या वेळात भावोजी एकदाही थांबले नव्हते.

दोन महिने असेच गेले. माणसाला कशाचीही सवय होते. ताई कापसाचे बोळे कानात घालून झोपायला लागली.

मग एका सोमवारी तिने डोकं चालवलं. मोबाइलवर रेकॉर्डिंग लावून तो बाथरूमच्या दाराशी ठेवला. एक वाजता उचलून रेकॉर्डिंग ऐकलं. त्यात काहीच नव्हतं. लांबून एका गाडीचा हॉर्न, बस्स.

संध्याकाळी जेवताना तिने स्वतःच विषय काढला. "तुमचंच खरं. भासच आहे. हे ऐका, दोन तासांत चिटपाखरू बोललेलं नाही."

तिने रेकॉर्डिंग लावलं. तिला काहीच ऐकू येत नव्हतं.

भावोजींचा घास हातातच राहिला.

"बंद कर."

"अहो, पण यात काही नाहीच—"

"बंद कर म्हणतो ना." त्यांचा चेहरा चुन्यासारखा पांढरा झाला होता. "ऐकू येत नाही तुला? किती जोरात वाजवतोय तो…"

"तो कोण?"

भावोजींनी ताट बाजूला सारलं. मग बोलायला लागले आणि थांबेनात.

फरशीकाम करणारा एक मिस्त्री होता. याच घरात काम करत होता. वरच्या मजल्यावर जिन्याला कठडा बसला नव्हता. "साहेब, मोकळ्या बाजूला फळ्या तरी ठोकून द्या," असं त्याने तीनदा सांगितलं होतं. भावोजी तिन्ही वेळा "उद्या" म्हणाले.

एके दिवशी सकाळी तो तिथूनच खाली पडला. पाठीवर.

जिवंत होता. बोलता येत नव्हतं, पण डोळे उघडे होते.

भावोजींनी मालकाला बोलावलं. मालक आला, पण त्याच वेळी फाटकापाशी गाड्या थांबत होत्या. घरं बघायला लोक येणार होते, सगळी तयारी झाली होती. मालक म्हणाला, "आत ठेवा. तासाभराची गोष्ट आहे. लोक गेले की नेऊ."

दोघांनी मिस्त्रीला उचललं. जिन्याखालच्या बाथरूममध्ये ठेवलं. बाहेरून कडी घातली.

"तो आतून वाजवत होता," भावोजी म्हणाले. "हातोडी त्याच्या हातातच राहिली होती. दांड्याने फरशीवर… लोक विचारायचे, कसला आवाज? मालक सांगायचा, काम चालू आहे. मीही तेच सांगितलं."

"किती वेळ?"

"अकरा ते एक."

मग आवाज आपोआप थांबला. दोन वाजता त्याला टेम्पोत घालून नेलं, रस्त्यात अपघात झाला म्हणून लिहून दिलं. बाथरूमच्या उरलेल्या टाइल्स भावोजींनी स्वतःच्या हाताने बसवल्या. दुसऱ्या कारागिराला आत घ्यायची मालकाची तयारी नव्हती. पुढे घर विकायची वेळ आली, तेव्हा ते परक्याला द्यायचीही नव्हती.

ताईला आठवलं. घर बघायला लोक आले होते, त्या दिवशी भावोजींनी तिलाही बोलावलं होतं. ती याच हॉलमध्ये उभी राहिली होती आणि तिने विचारलं होतं, "हे काय वाजतंय?"

"फरशीचं काम चाललंय," भावोजी म्हणाले होते.

आणि घर तेव्हा आपलं नसतानाही ती मनातल्या मनात पडद्याचा रंग ठरवायला लागली होती.

ती नर्स. दारापासून पंधरा पावलांवर.

"मला दार उघडू दिलं असतं तर तो वाचला असता," ती म्हणाली.

तिने ताटं उचलून ठेवली.

"उद्या मी ड्युटीवरून आले की आपण दोघं पोलिसांकडे जायचं. तुम्ही नाही आलात तर मी एकटी जाईन." एवढं बोलून ती बॅग घेऊन निघाली.

मंगळवारी ती साडेआठला घरी आली. भावोजी नव्हते. फोन केला, उचलला नाही. डोकं ठणकत होतं. वर जाऊन पाच मिनिटं पाठ टेकू म्हणाली आणि डोळा लागला.

अकरा वाजता…

टक… टक… टक… टक…

आज मध्ये थांबणं नव्हतं. आवाज जोरात होता, घाईचा होता. कापूस घालूनही कवटीत घुमत होता.

ताईला वाटलं, चिडलाय. कालचं सगळं ऐकलं त्याने.

ती उठली नाही. उठायची हिंमतच नव्हती. गुडघे पोटाशी घेऊन ती पुटपुटत राहिली, "सांगते रे बाबा. आजच जाऊन सगळं सांगते. आता थांब."

तो थांबला नाही. साडेबारानंतर मात्र आवाज हळूहळू पडत गेला. दोन ठोक्यांमधलं अंतर वाढत गेलं.

टक…

टक…

एक वाजला. शांत.

तिचा जीव भांड्यात पडला. तोंडावर पाणी मारलं, पोलिसांकडे जायला म्हणून पर्स घेतली आणि खाली आली.

खिडकीतून बाहेर नजर गेली…

दारात भावोजींची स्कूटर उभी होती.

हॉलमध्ये त्यांचे बूट. शेजारी एक बॅग, तिच्यात त्यांचेच चार कपडे कोंबलेले.

"अहो?"



तिने बाथरूमकडे पाहिलं.

दाराला कडी होती. बाहेरून.

घरात ती आणि भावोजी सोडून कुणी नव्हतं. मुख्य दार आतून बंद होतं. तरी कडी बाहेरून घातलेली होती आणि ती काढताना इतकी घट्ट लागली, की तिच्या अंगठ्याचं नख तुटलं.

भावोजी आत पाठीवर पडले होते. डोळे उघडे. तोंड एका बाजूला ओढलेलं. उजव्या हाताची बोटं सोलून लाल झाली होती आणि खालच्या टाइलवर त्याच लालीचे ठिपके. त्याच अर्ध्या टाइल्सवर, ज्या मिस्त्रीने बसवल्या होत्या.

डॉक्टर म्हणाले, पक्षाघाताचा झटका. तासाभराच्या आत आणलं असतं तर हे चालले-बोलले असते. ताईने मान हलवली. हे वाक्य तिने स्वतः कितीतरी नातेवाइकांना सांगितलं होतं.

ते पोलिसांकडे जायला घरी आले होते की पळून जायला, हे आता त्यांना सांगता येत नाही. कडीबद्दल ताईने फक्त मला सांगितलं.

तिने बाकी सगळं पोलिसांना लिहून दिलं. मालकाने कानावर हात ठेवले. असा कुणी मिस्त्री त्या दिवशी कामावरच नव्हता म्हणाला. चौकशी अजून चालू आहे, म्हणजे काय ते तुम्हाला कळतंच.

मग ती मिस्त्रीच्या बायकोला शोधत गेली. मी सोबत होतो. ती बाई एका शाळेत झाडलोट करते. ताईने तिला काही न लपवता सांगितलं. बाईने सगळं ऐकून घेतलं. रडली नाही. शिवी दिली नाही. झाडू भिंतीला टेकवून एवढंच विचारलं, "पाणी मागितलं होतं का त्याने?"

"बोलता येत नव्हतं त्याला, नुसतं वाजवत होता," ताई म्हणाली.

"तुमचे मालक म्हणाले होते, रस्त्यातच गेला, काही कळलंच नाही त्याला," बाई म्हणाली. "सोपं मरण आलं म्हणून मी गप्प राहिले." मग तिने झाडू उचलला. "आता नाही गप्प राहणार. त्यालाही सांगते, गप्प राहू नकोस."

ताईने ते घर सोडलं. आता ती पुन्हा भाड्याच्या जागेत राहते. भावोजी पलंगावर असतात.

गेल्या गुरुवारी मी तिच्याकडे गेलो होतो. दुपारचा सव्वा वाजला असेल. ताईचा फोन वाजला. तिने नाव पाहिलं, कानाला लावला, काही न बोलता ऐकत राहिली आणि ठेवून दिला.

"कोण?"

"मालक."

"त्याची हिंमत कशी झाली? काय म्हणत होता?"

"विचारत होता, तुमच्या घरी तो आवाज सुरू झाला तेव्हा पहिल्यांदा कुठल्या खोलीतून आला." ताई भावोजींची चादर सारखी करत होती. "त्याच्या बंगल्यात तीन दिवस झाले म्हणे. बायको-मुलांना ऐकू येत नाही."

"तू काय सांगितलंस?"

"काही नाही."

"अगं, निदान सावध तरी करायचंस. घरात एकटे थांबू नका, एवढं तरी."

"त्या दिवशी तोही दाराबाहेरच उभा होता," ती म्हणाली. "दोन तास. चल, यांना कुशीवर वळवायला हात लाव."

मी भावोजींच्या खांद्याला हात लावला. ते माझ्याकडे बघत होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

मालकाचा नंबर माझ्याकडे आहे. या चार दिवसांत दोनदा फोन हातात घेतला. दोन्ही वेळा पावणेअकरा वाजले होते.

लावला नाही. का नाही लावला, ते मला विचारू नका.