ताईच्या गाडीतला बेस

गाडीत बेस कमी येतोय ही माझ्या गाड्यांना स्पीकर बसवायच्या धंद्यातली सर्दी-पडशासारखी तक्रार आहे. दहातल्या नऊ वेळा कारण अगदी फुसकं निघतं. अर्थिंगचा स्क्रू सैल झालेला असतो, नाहीतर डिकीत सामान कोंबताना ॲम्प्लिफायरचं बटण फिरलेलं असतं. त्यामुळे रविवारी सकाळी ताईने वर्कशॉपच्या दारात गाडी लावली आणि हातांनी सांगितलं की बेस गेला, तेव्हा मी हातातला चहाचा कपसुद्धा खाली ठेवला नाही.

ताई, म्हणजे माझी थोरली बहीण, चार वर्षांची असल्यापासून बहिरी आहे. आम्ही दोघं खुणांनी बोलतो, आणि भांडतोही खुणांनीच. बहिऱ्या बाईला गाडीत एवढा मोठा सबवूफर, म्हणजे बेसचा स्पीकर, कशाला, असं लोक विचारतात. त्यांना काय सांगणार? तिला गाणं पाठीतून आणि तळव्यांतून कळतं. शब्द नाही, सूर नाही, पण ताल पुरेपूर.

हे ओळखलं भावोजींनी. लग्न ठरल्यापासून गाडीत गाणं लागलं की ते एका हाताने स्टिअरिंग धरायचे आणि दुसऱ्या हाताची बोटं ताईच्या गुडघ्यावर वाजवायचे. ताल पक्का, पण माणूस आगाऊ. प्रत्येक कडव्याच्या शेवटी पदरचे दोन ठोके जास्तीचे ठेवून द्यायचे. ताईला कित्येक वर्षं वाटायचं की गाणी असतातच तशी. पुढे एकदा वर्कशॉपमध्ये येऊन म्हणाले, "मेव्हणे, माझी बोटं आता थकली, त्यांना बदली द्या." मग आम्ही डिकीत सबवूफर बसवला. वायरिंग त्यांनी हट्टाने स्वतः केलं आणि प्लसची लाल टेप मायनसला गुंडाळली. का, तर सिग्नलला लाल म्हणजे थांबा, म्हणजे नकार, म्हणजे मायनस. मी पोट धरून हसलो. स्पीकर एकच, तेव्हा उलट जोडला तरी फारसं बिघडत नव्हतं, म्हणून तसाच राहू दिला.

सात महिन्यांपूर्वी भावोजी गेले. झोपेतून उठलेच नाहीत. तेव्हापासून गाडी ताई चालवते. भावोजींच्या सीटवर बसून ती रोज पुस्तकबांधणीच्या कारखान्यात जाते आणि जाता-येता तीच जुनी गाणी लावते.

मी डिकी उघडायला गेलो तर तिने माझं मनगट धरलं. डोळे भरले होते.

"महिनाभर थोडं थोडं कमी होतंय," तिने खुणेनं सांगितलं. "आधी वाटलं स्पीकर गेला. मग वाटलं, मीच चाललेय. कान गेले तसं आता अंग बहिरं होतंय."

आता मात्र मी कप खाली ठेवला. कागदाची घडी बसली की नाही हे ती अंगठ्याने ओळखते. त्या बोटांवर तिचं पोट चालतं, आणि जगातलं जे काही संगीत तिच्या वाट्याला आलं तेही स्पर्शातूनच. तो गेला तर तिच्याकडे उरतं काय? मी तिला स्टुलावर बसवलं आणि कामाला लागलो.

अर्थिंग घट्ट होतं. बॅटरीचे व्होल्ट बरोबर. ॲम्प्लिफायरची बटणं मी लावली होती तिथेच. स्पीकरचा खोका कुठून हवा सोडतोय का, ते कडांवरून ओला हात फिरवून पाहिलं. एवढीशीही फट नव्हती. गाणं लावलं तेव्हा स्पीकरचा पडदा अर्धा इंच मागेपुढे उसळत होता आणि नंबर प्लेट थडथडत होती. इतका बेस की माझ्या दातांत झिणझिण्या आल्या.

मागच्या सीटवर बसलो. उत्तम. चालकाच्या शेजारच्या सीटवर जरा कमी, पण चालेल इतका.

ड्रायव्हरच्या सीटवर बसलो आणि काहीच नाही. पाठ ठेवली, तळवे ठेवले. ओट्यावर हात ठेवावा तसं गार, निश्चल. पुढचे छोटे स्पीकर गात होते आणि सीट मुकी होती.

मी बाहेर येऊन ताईला सांगितलं की तू ठणठणीत आहेस, खोट गाडीत आहे, मलाही तिथे काही जाणवलं नाही. तिने आधी विश्वास ठेवला नाही. मग माझ्या दंडावर एक जोरदार चापट मारली आणि हसली. सात महिन्यांत मी तिला तसं हसताना पाहिलं नव्हतं. माझा जीव भांड्यात पडला.

खोट गाडीत आहे म्हटलं खरं, पण कसली? असं एका कारणाने होतं. दाराच्या दोन्ही बाजूंनी दोघं सारख्याच जोराने ढकलत असले तर दार हलत नाही. तसे दोन स्पीकर एकमेकांच्या विरुद्ध जोडले गेले तर दोघंही दणकून वाजतात आणि मध्ये बसलेल्याला काही जाणवत नाही. त्यासाठी दुसरा स्पीकर मात्र हवा. मी सीटखाली टॉर्च मारला, गालिचा उचलला, सीटचे चारही बोल्ट काढून ती उलटी केली. स्प्रिंगा, फोम आणि ताईची एक जुनी केसांची पिन. बस.

सीट परत बसवली. म्हटलं, भावोजींची लाल टेप आता तरी सरळ करू. वायर उलटवल्या आणि येऊन बसलो. बेस धाडकन पाठीत आला. मी ताईला अंगठा दाखवायला हात वर केला, तेवढ्यात तो ओसरला आणि अर्ध्या मिनिटात सीट पुन्हा मुकी झाली.

वायर पुन्हा पहिल्यासारख्या केल्या. बेस आला, दहा सेकंद टिकला आणि गेला.

तिसऱ्यांदा उलटवल्या. या वेळी मी सीटवर नीट टेकेपर्यंतच टिकला. माझी चाल कोणीतरी शिकत होतं.

मी पुन्हा डिकीपाशी गेलो. वीस वर्षं हे काम करतोय आणि मीटर खोटं बोलत नाही यावर माझा विश्वास आहे. दुसरा कोणी ढकलत असेल तर ते कळायचा एक सोपा उपाय असतो. आपण ढकलणं थांबवायचं.

मी ॲम्प्लिफायरचा फ्यूज काढला. डिकीतला पडदा थांबला आणि नंबर प्लेट गप्प झाली. बेस फक्त त्या ॲम्प्लिफायरमधून येतो, दुसरीकडून यायला वाटच नाही. पुढचे छोटे स्पीकर तेवढे गात राहिले.

मी ताईला ड्रायव्हरच्या सीटवर बसायला सांगितलं.

ती बसली. पाठ टेकली. तिचे डोळे मोठे झाले.

"आला," तिने हातांनी सांगितलं. "पहिल्यासारखा. अगदी पहिल्यासारखा."

मी दारातून वाकून तिच्या मांडीशेजारी तळवा ठेवला.

सीट थरथरत होती. दमदार, गोल, उबदार ठोके. मी बसवलेला कुठलाच स्पीकर इतका सुंदर वाजलेला नाही.

फ्यूज माझ्या दुसऱ्या मुठीत होता.

कडवं संपलं. गाणं क्षणभर थांबलं.

सीटमधून दोन ठोके आले. जास्तीचे.

ताईने डोळे मिटून घेतले होते. गालांवरून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती. थोड्या वेळाने तिने विचारलं, काय झालं होतं? मी तिला आयुष्यात कधी थाप मारली नव्हती. बोटं जड झाली.

"वायर सैल होती," मी सांगितलं.

फ्यूज परत लावायचा विचार आला होता, नाही असं नाही. पण लावला असता तर मीच पुन्हा समोरून ढकलायला लागलो असतो. मी डिकी बंद केली आणि ती वळणावर दिसेनाशी होईपर्यंत हात हलवत राहिलो. भावोजींची आठवण त्या दिवशी इतकी आली की वर्कशॉपमध्ये एकटाच बसून रडलो. भीती वाटली का? नाही वाटली. आपल्याच माणसाची कसली भीती?

त्यानंतर ताईचे रोज मेसेज यायला लागले. बेस मस्त. आज आणखी छान. कारखान्यातल्या बायका म्हणतात, तुझ्या तोंडावर तेज आलंय. वाचून मला बरं वाटायचं.

काल दुपारी जेवताना एक आला. नेहमीपेक्षा लांब होता.

"बेस तळव्यांना जास्त छान कळतो, म्हणून हल्ली चालवताना मी दोन्ही हात सीटवरच ठेवते. डोळे मिटले तर आणखी छान. तू उगाच काळजी करशील म्हणून सांगत नव्हते. वळण आलं की गाडी आपली आपण वळते."