‘या’ म्हणायच्या ऐवजी

त्याच्या दोन्ही हातांच्या पाठीवर ठिपके होते. गोल, तपकिरी, एकमेकांपासून सारख्या अंतरावर, आणि मनगटाशी सरळ रेषेत थांबलेले. त्वचेचे रोग इतक्या शिस्तीत वागत नाहीत, हे मला कळायला हवं होतं. पण तो आमच्या प्रयोगशाळेच्या मागच्या नळाला बाटली लावून उभा होता, आणि मला एकदम दोन काळज्या लागल्या.

“ते पाणी पिऊ नका!” मी खिडकीतून ओरडले. “नदीचं आहे, जसंच्या तसं. आम्ही तपासायला घेतो.”

त्यानं बाटलीकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

“प्यायलो मी.”

“किती?”

“तहान भागेल इतकं.”

“आणि हातांचं... कोणाला दाखवलंत का?”

तो गोंधळला. मग खिशातून सायकलचा हातमोजा काढून त्यानं हातावर चढवला. हातमोज्याच्या पाठीला छिद्रं होती, आणि प्रत्येक छिद्रात बरोबर एक ठिपका.

“ऊन,” तो म्हणाला. “यावर एकच उपाय, घरी बसणं.”

मला हसू आलं. ते लपवायला मी आत गेले आणि शुद्ध केलेल्या पाण्याची बाटली घेऊन आले.

त्याच्या सायकलच्या मागच्या चाकाची कड चिरली होती. नवं चाक शहरातून यायचं होतं, तोवर त्याला पाणीपुरवठा केंद्राची पाहुण्यांची खोली मिळाली. आमचं घर तिच्या शेजारीच. बाबा याच केंद्रातले पंप सांभाळून निवृत्त झालेले. गप्पांना माणूस मिळाला म्हणून खूश होते. मी रोज सकाळी कुंपणावरून विचारायचे, “पोट?”

“शाबूत आहे,” तो म्हणायचा. “तुमची निराशा झाली असेल.”

“एवढी चौकशी माझ्या गुडघ्याची कर कधीतरी,” बाबा पेपरामागून म्हणायचे.

एका संध्याकाळी तो पायरीवर बसून साखळीला तेल देत होता. बाबांनी शेवटी विचारलंच, “पण मी म्हणतो, गावोगाव सायकल मारायचा एवढा आटापिटा कशाला? बस आहे, गाडी आहे.”

“पोलीस विचारतात तेव्हा सांगतो, नवस आहे. मुलं विचारतात तेव्हा सांगतो, बस चुकली.”

“आणि आम्ही विचारलं तर?”

त्यानं साखळी एकदा फिरवून पाहिली.

“मी कवळ्या बनवतो, काका. दातांचे साचे येतात माझ्याकडे. प्रत्येकावर नंबर असतो. तोंडं येत नाहीत कधी. एक दिवस वाटलं, आपण इतक्यांचं हसू घडवलं आणि एकालाही हसताना पाहिलं नाही.”

“मग बसनं जाऊन बघायचं हसू.”

“बसमधून उतरलेल्याला लोक विचारतात, कोणाकडे आलात? सायकलवरून उतरलेल्याला विचारतात, जेवलात का?”

बाबा माझ्याकडे वळले. त्यांनी विचारलं, “आज पानं घेतलीस ना तीन?”

जेवणानंतर मी त्याला सांगितलं की आज वर डोंगरात पाऊस झालाय. आमच्या डोक्यावर तर स्वच्छ चांदणं होतं.

“तुम्हाला कसं कळलं?”

“पाण्याचा गढूळपणा वाढलाय. वरची लाल माती आलीय खाली.”

“तुम्ही गेलायत वर? नदी सुरू होते तिथे?”

“नाही... अजून नाही.”

“दरवर्षी रजा घेते,” बाबांनी आतून आवाज दिला. “नदीचा उगम बघायला! आणि रजेत माळा साफ करते. आमच्यासारखा माळा अख्ख्या गावात कोणाचा नसेल.”

“तुम्ही एकटे असता ना, बाबा.”

“माझं नाव पुढे करू नकोस हं. मला वरणभात येतो.”

माझे कान तापले. बाबांचं नाव मी पुढे करत होते, हे खरंच होतं. मला भीती होती ती ‘कशाला’ची. नदीचे सगळे आकडे मला रोज कळत होते. मग तिथवर सायकल मारून आणखी काय कळणार, असं कोणी विचारलं तर माझ्याकडे उत्तर नव्हतं. उत्तर नसताना निघायची मला सवय नव्हती.

“साचे येतात, तोंडं येत नाहीत,” तो हळूच म्हणाला.

मी त्याच्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर...

चाक आलं. त्यानं ते बसवलं, फिरवून पाहिलं. त्याचा रस्ता नदीच्या काठानं वरच जाणार होता. निघायच्या आदल्या संध्याकाळी आम्ही कुंपणाशी उभे होतो, तो पलीकडे, मी अलीकडे.

“एका शब्दाचा मला त्रास होतो,” तो म्हणाला. “प्रत्येक गावातून ‘येतो’ म्हणून निघालो. परत एकाही गावात गेलो नाही.”

“मग ‘जातो’ म्हणा.”

“जातो म्हणवत नाही. इथे तर... मुळीच नाही.”

कुंपणाच्या तारेवर त्याचा ठिपक्यांचा हात होता. मी एका ठिपक्यावर बोट ठेवलं, अगदी हलकं.

“हे जातील का कधी?”

“घरी बसलो तर.”

“मग राहू देत,” मी म्हणाले, आणि घरात पळाले.

सकाळी हवा गार होती. माझी रजा त्याच दिवसापासून सुरू होत होती. अंगणात माझी सायकल भिंतीला टेकून उभी होती. मी सवयीनं चाक दाबून पाहिलं. टणक. कॅरिअरवर माझी जुनी सहलीची पिशवी बांधलेली, आणि गाठ बाबांची, पंपाच्या दोरांना मारायचे तशी दुहेरी. बाबा पेपर उलटा धरून वाचत होते.

तो फाटकाशी आला. “येतो, काका.”

“या,” बाबा म्हणाले.

मग तो माझ्याकडे वळला. जरा थांबला. “येतो...”

आता मी ‘या’ म्हणायचं होतं. जो राहतो तो ‘या’ म्हणतो.

“येते,” मी म्हणाले.

“चुकलात,” तो हसला. “निघणाऱ्यानं म्हणायचं असतं ते.”

“मला माहितीये.”

त्याचं हसू मधेच अडकलं. मी सायकल भिंतीपासून सोडवली आणि फाटकाकडे वळवली. बाबांनी पेपर खाली केला. त्यांच्या डोळ्यांत तो जुना ‘कशाला?’ दिसतोय का ते मी पाहिलं. तिथे तो नव्हता.

“बाबा,” मी म्हणाले, मोठ्यानं, रस्त्यावर ऐकू जाईल असं, “येते मी.”