पाचवी पायरी

बानू गेल्याचं मला कंपनीच्या गेटवरच्या फोनवर कळलं. २००८ साल, भाद्रपद. सकाळी मेथी खुडता खुडता ती चक्कर येऊन पडली आणि शिरूरला नेईपर्यंत सगळं संपलं होतं. फोनवर मेहुणा हौसराव रडत होता. मी हातमोजे काढून टेबलावर ठेवले. डोक्यात एकच आलं — जेजुरी राहिली.

असं का आलं, ते सांगायचं तर आधी समुद्राचं सांगावं लागेल.

आमचं लग्न झालं तेव्हा मी चोवीस वर्षांचा होतो, सणसवाडीला कामाला. घर तळेगाव ढमढेऱ्याच्या शिवारात, माणसं अकरा. बायका आत झोपायच्या, पुरुष ओट्यावर. सव्वा महिन्यात बानू माझ्याशी ‘हूं’ आणि ‘न्हाई’ एवढंच बोलली होती. माझी थोरली बहीण सरूबाई म्हणाली, “मारुती, पोरगी मनापास्नं आलेली दिसत न्हाई.” मशीनवर उभा असलो तरी ते वाक्य कानात असायचं.

आमच्यात नवं जोडपं जेजुरीला जातं. नवऱ्याने बायकोला उचलून गडाच्या पाच पायऱ्या चढायच्या. पौषातल्या एका शनिवार-रविवारी कंपनी बंद होती. आईने भाकरी बांधून दिल्या.

“भंडारा आणायला इसरू नका,” म्हणाली.

शिक्रापूरच्या स्टँडवर जेजुरीकडची गाडी काही येईना. पुण्याची आली. बानू त्या गाडीकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली,

“ह्या गाडीनं फुडं समुद्राला जाता येतं का वो?”

तिचं माझ्याशी बोललेलं ते पहिलं अख्खं वाक्य. मी पिशवी उचलली.

स्वारगेटला गाडी बदलली. घाट लागला आणि बानू बोलायला लागली ती थांबेचना. तिचे वडील ज्योतिबा दर दिवाळीनंतर मेंढरं घेऊन कोकणात उतरायचे. कापणी झालेल्या भातशेतात रात्री मेंढरं बसवायची, शेताला खत मिळायचं, मालक त्याचे तांदूळ द्यायचा. बारा वर्षांची होईपर्यंत बानू दरसाल गेली होती.

“मग सुटलं कसं?” मी विचारलं.

“आबांनी मेंढरं इकली, हीर खांदली. सगळी म्हणाली, लई चांगलं झालं.” ती खिडकीबाहेर बघत होती. “माझा समुद्र गेला, त्ये कुनी इचारलं न्हाई.”

ज्योतिबा मेंढरं बसवायचे ते गाव म्हणजे वीस-पंचवीस घरं, नारळ आणि दिवसाला एक एसटी. लॉज वगैरे काही नव्हतं. एका शेताच्या बांधावर त्याचे म्हातारे मालक आनंदराव उभे होते. त्यांनी तिला नीट निरखलं.

“ज्योतिबाची पोर ना तू? कोकरू काखेत घेऊन फिरायचीस ती?”

त्यांनी आम्हाला पडवीतली खोली दिली. आमच्या भाकरीबरोबर माशाचं कालवण वाढलं. मी ताटाकडे बघत बसलो.

“आगं, देवाला निघालोय आपण…”

“देव जेजुरीत हाय,” बानू म्हणाली. “हितनं वास जायाचा न्हाई त्येला.”

रविवारी सकाळी आम्ही वाळूवर गेलो. आमच्याशिवाय कुणी नव्हतं. मी समुद्र पहिल्यांदा बघत होतो. ओंजळ भरून तोंडात घेतली आणि लगेच थुंकलो.

“एवढं पानी,” मी म्हणालो, “आन् उसाला एक पाळी द्यायच्या कामाचं न्हाई!”

बानू हसली. पदर तोंडाला न लावता, पोट धरून हसली. मीही हसत होतो. मागून मोठी लाट येत होती, ते मला दिसलं नाही.

“मारुतराव! पळा!”

मी कमरेपर्यंत भिजलो. पण भिजल्याचं काहीच वाटलं नाही. तिने माझं नाव घेतलं होतं… हात तोंडावर ठेवून ती उभी राहिली.

“घेतलंस की नाव,” मी म्हणालो.

“हितंच घेतलं. घरी न्यायचं न्हाई त्ये.”

मग मी धीर केला. “बानू, खरं सांग. तुला माझ्या घरी जबरदस्तीनं पाठवली का?”

ती माझ्याकडे बघतच राहिली. “अकरा मानसांत बोलू कवा? तुमीच कंपनीत न्हाईतर ओट्यावर! बघाय आला तवा समदी माझ्याकडं बघत व्हती. तुमी तेवढं आमच्या आंधळ्या कुत्र्याला पानी पाजलं. तवाच हो म्हनले मी, आबांच्या आधी.”

मी तिला उचललं.

“आवं! काय करताय?”

“जेजुरी,” मी म्हणालो. “पाच पायऱ्या.”

“एक,” ती मोजायला लागली. “दोन… तीन…” चौथ्या पावलाला माझा पाय घोट्यापर्यंत रुतला आणि आम्ही दोघं वाळूत पडलो.

“पाचवी राहिली,” ती हसत म्हणाली.

“ती जेजुरीला घेतो.”

येताना स्वारगेटला हळदीची पुडी घेतली. आईने ती हळद डोळे मिटून सगळ्यांच्या कपाळाला लावली. मग पिशवी उलटी केली, तर मूठभर वाळू सांडली. आईने वाळूकडे बघितलं, मग बानूकडे. बानू चुलीशी बसून आपल्याशीच हसत होती.

“खंडोबाला समुद्र कवापास्नं आला गं?” आई म्हणाली आणि केरसुणी घेऊन स्वतःच वाळू लोटली. तो विषय पुन्हा निघाला नाही.

पुढे आमची लेक प्रगती झाली, आई आजारी पडली, शेत वाढलं. दर पौषात बानू म्हणायची, “मारुतराव, पाचवी राहिलीया बरं का.” आसपास कुणी नसेल तेव्हाच म्हणायची. मी म्हणायचो, पुढच्या साली नक्की.

शिक्रापूरवरून जेजुरी अर्ध्या दिवसाची वाट आहे. आम्ही गेलो नाही. पाचवी पायरी राहिली.